व्यापारचिन्हाची जप्ती आणि शब्दाचा अर्थ : तीन निवाड्यांची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

‘जप्त’ हा शब्द मराठीत अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. घट्ट धरणे, ताब्यात ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ. जमीन, गुरेढोरे, भांडीकुंडी, दागिने या ज्या वस्तूंवर मराठी मुलखात पिढ्यान् पिढ्या जप्ती येत राहिली, त्या सर्व हाताने धरता येण्याजोग्या, निदान ज्यांच्यावर पहारा बसविता येईल अशा आहेत. या शब्दाच्या जोडीला कागदपत्रांत ‘सरकारजमा’ असा दुसरा शब्द येतो. जप्तीत वस्तूचा ताबा जातो; सरकारजमा झालेल्या वस्तूची मालकीच बदलते. रोजच्या बोलण्यात हा भेद अनेकदा पुसला जातो. परंतु जप्त करावयाची वस्तू जमीन किंवा दागिना नसून एखादे नाव असते, तेव्हा या भेदावाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

व्यापारचिन्ह हे असे नाव आहे. येथे प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. खोटे चिन्ह लावलेला माल जप्त करणे आणि खुद्द चिन्ह जप्त करणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमातील कलम ११५ अन्वये ठरावीक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास, निबंधकाचे मत घेतल्यानंतर, गुन्ह्याशी संबंधित माल, साचे, यंत्रे इत्यादी जप्त करता येतात. ही वस्तूंची जप्ती झाली. तीत चिन्हाचा खरा मालक संरक्षित होतो. त्याचप्रमाणे १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाने काही नावे आणि आकृत्या व्यापाराच्या कक्षेबाहेर ठेवल्या. ती बंदी आहे, जप्ती नव्हे. प्रस्तुत लेखाचा विषय तिसराच आहे. एका मालकाचे खरेखुरे, कायद्याने मान्य झालेले चिन्ह सरकारने त्याच्याकडून काढून घेतले, तर नेमके काय काढून घेतले जाते?

हा प्रश्न कायद्याचा मानला जातो, आणि तो कायद्याचा आहेही. परंतु ज्या निवाड्यांतून तो सोडविण्याचा प्रयत्न झाला ते बारकाईने वाचले असता असे दिसते की, न्यायाधीशांना प्रत्येक वेळी भाषाशास्त्राच्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले आहे : हा शब्द कोणाच्या तोंडी कशाचा वाचक आहे? जेथे हा प्रश्न उघडपणे विचारला गेला तेथे निर्णय भक्कम झाला. जेथे तो टाळला गेला तेथे निर्णय योग्य असूनही त्याचा पाया कच्चा राहिला.

२. नाव आणि मालमत्ता

संस्कृत वैयाकरणांनी शब्दांची प्रवृत्ती चार प्रकारची मानली. जातिवाचक, गुणवाचक, क्रियावाचक आणि यदृच्छाशब्द असे हे चार प्रकार पतंजलीच्या महाभाष्यात येतात. यदृच्छाशब्द म्हणजे कोणी आपल्या इच्छेने एखाद्या व्यक्तीस ठेवलेले नाव. ते कोणत्याही जातीमुळे किंवा गुणामुळे त्या व्यक्तीस लागलेले नसते. व्यापारचिन्ह हे जन्मतः असे यदृच्छानाम आहे. मात्र ते व्यक्तीस नव्हे, मालाच्या उगमास ठेवलेले असते. ‘हा माल अमुक हातून आला’ एवढेच ते सांगते. मालाची जात सांगणे हे त्याचे काम नव्हे.

परंतु बोलणारा समाज या मर्यादेची पर्वा करीत नाही. मराठी माणूस ‘झेरॉक्स काढून आण’ म्हणतो तेव्हा यंत्र कोणत्या कंपनीचे, याचा विचारही त्याच्या मनात नसतो. ‘डालडा’ हा शब्द कित्येक घरांत वनस्पती तुपाचेच नाव होऊन बसला. यदृच्छाशब्द येथे जातिवाचक झाला. हे स्थित्यंतर कोणा एकाच्या आज्ञेने होत नाही, आणि कोणा एकाच्या आज्ञेने थांबतही नाही. शब्दाचा संकेत भाषिक समाजात वसतो, मालकाच्या कपाटात नव्हे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट वेगळ्या परिभाषेत मान्य केली होती. युनायटेड ड्रग कंपनी विरुद्ध थिओडोर रेक्टेनस कंपनी या खटल्याचा निवाडा डिसेंबर १९१८ मध्ये न्या. पिटनी यांनी दिला. चालत्या धंद्याला चिकटलेला हक्क म्हणूनच व्यापारचिन्हात मालमत्ता असू शकते, धंद्यापासून सुटी अशी मालमत्ता त्यात नसते, हे त्याचे सार. चिन्हाचे काम मालाचा उगम दाखविणे हे आहे. ते नवनिर्मितीसाठी दिलेले बक्षीस नव्हे, म्हणून त्याची तुलना पेटंटशी करता येत नाही. भारताच्या १९९९ च्या अधिनियमाने पेढीच्या नावलौकिकासह अथवा त्याच्याविना चिन्हाचे हस्तांतरण होऊ दिले आहे, हे खरे. पण ते हस्तांतरण मालकाच्या इच्छेने होते, आणि ग्राहकांची दिशाभूल होऊ नये म्हणून त्यावर अटीही आहेत. जप्तीत मालकाची इच्छा नसते. म्हणून नाव आणि त्यामागील धंदा यांची ताटातूट तेथे अधिक तीव्रतेने होते.

३. शार्त्रूझ : सीमेवर थांबलेला अर्थ

फ्रान्सच्या आग्नेय भागातील ग्रांद शार्त्रूझ या मठातील कार्थुझियन भिक्षू वनस्पतींपासून एक मद्य तयार करीत. त्याची कृती त्यांनी गुप्त ठेवली होती, आणि मठाच्या नावावरूनच ते मद्य ‘शार्त्रूझ’ म्हणून जगभर ओळखले जाई. १९०१ च्या फ्रेंच संघविषयक कायद्यानंतर या धर्मसंघास मान्यता नाकारण्यात आली, आणि १९०३ मध्ये भिक्षूंना मठ सोडावा लागला. त्यांची फ्रान्समधील मालमत्ता सरकारनियुक्त परिसमापक लकुत्युरिए याच्या हाती गेली. तीत व्यापारचिन्हेही होती. भिक्षू स्पेनमधील तारागोना येथे गेले आणि तेथे आपल्या जुन्या कृतीने मद्य तयार करू लागले. इकडे फ्रान्समध्ये परिसमापकाच्या वतीने मद्य तयार होऊ लागले. कृती त्याच्यापाशी नव्हती; बाटलीवर नाव मात्र ‘शार्त्रूझ’ हेच होते.

दोन्ही मद्ये परदेशच्या बाजारात आली तेव्हा वाद उभा राहिला. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९१० मध्ये लकुत्युरिए विरुद्ध रे या खटल्यात, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये बॅग्लिन विरुद्ध क्युझेनिए कंपनी या खटल्यात भिक्षूंच्या बाजूने निर्णय दिला. अमेरिकन निवाडा न्या. चार्ल्स एव्हान्स ह्यूज यांचा आहे. फ्रेंच कायद्याचा अंमल फ्रान्सच्या सीमेपुरता चालतो. अमेरिकेत भिक्षूंनी स्वतंत्रपणे मिळविलेला चिन्हाचा हक्क त्या कायद्याने हिरावला जात नाही, हा त्याचा मुख्य आधार. ‘शार्त्रूझ’ हे स्थलनाम आहे, म्हणून ते कोणाचेच चिन्ह होऊ शकत नाही, असाही एक युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. नाव स्थळावरून आलेले असले, तरी ग्राहकांच्या मनात ते भिक्षूंच्या मद्याचेच वाचक होते.

निवाड्याचा निष्कर्ष न्याय्य आहे. तरी त्याच्या दोन आधारांपैकी कोणता मुख्य आणि कोणता दुय्यम, याविषयी मतभेदास जागा आहे. न्यायालयाने सीमेचा आधार पुढे ठेवला आणि अर्थाचा आधार त्याच्या सोबतीला घेतला. वस्तुतः क्रम उलटा हवा होता. सीमेचाच युक्तिवाद निर्णायक मानला, तर पॅरिसच्या दुकानातील ‘शार्त्रूझ’ची बाटली खरी आणि न्यूयॉर्कच्या दुकानातील तीच बाटली खोटी, असा विचित्र परिणाम होतो. शब्दाचा अर्थ मात्र दोन्ही शहरांत एकच होता : भिक्षूंनी त्यांच्या कृतीने केलेले मद्य. फ्रेंच सरकारला नोंदवही मिळाली, लेबल मिळाले, मठाची वास्तू मिळाली. पण जो उगम तो शब्द सांगत होता, तो उगम तारागोनास निघून गेला होता. म्हणून १९०३ नंतर फ्रान्समधील बाटलीवरचे नाव ग्राहकाशी असत्य बोलत होते. ते कायदेशीर असत्य होते, एवढाच फरक. पुढे ते मद्य तयार करणारी फ्रेंच कंपनी बुडाली, आणि १९२९ मध्ये चिन्ह पुन्हा भिक्षूंच्या हाती आले. न्यायालयाने जे सीमेच्या आधारे एका देशापुरते केले, ते बाजाराने सव्वीस वर्षांनी घडवून आणले.

४. ॲस्पिरिन : विकत घेतलेले आणि हरवलेले नाव

दुसरे उदाहरण युद्धकाळातील आहे. जर्मनीच्या बायर कंपनीने १८९९ मध्ये ‘ॲस्पिरिन’ हे नाव नोंदविले. या शब्दाची घडण सर्वस्वी कृत्रिम आहे. ‘ॲसिटिल’मधील आद्य स्वर, स्पायरिया या वनस्पतीच्या नावातील ‘स्पिर’, आणि त्या काळच्या औषधनामांत सर्रास आढळणारा ‘इन’ हा प्रत्यय. ॲसिटिल-सॅलिसिलिक आम्ल या अवघड रासायनिक नावाऐवजी उच्चारास सोपे असे हे नाव होते, आणि तेच त्याच्या यशाचे व नंतरच्या संकटाचेही कारण झाले.

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शत्रूशी व्यापार करण्यासंबंधीचा अधिनियम झाला, आणि परकीय मालमत्तेचा अभिरक्षक ए. मिचेल पामर याने बायरची अमेरिकेतील मालमत्ता ताब्यात घेतली. १२ डिसेंबर १९१८ रोजी, म्हणजे युद्धविराम होऊन महिना लोटल्यावर, न्यूयॉर्क राज्यातील रेन्सेलर येथील कारखान्यात तिचा लिलाव झाला. स्टर्लिंग प्रॉडक्ट्स या कंपनीने ५३ लाख १० हजार डॉलरना ती घेतली. इमारती आणि यंत्रे यांच्याबरोबर ‘बायर’ आणि ‘ॲस्पिरिन’ ही दोन नावेही या खरेदीत होती. धंद्यापासून सुट्या चिन्हात मालमत्ता नसते हे सांगणारा रेक्टेनस निवाडा याच महिन्यातला आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खरेदीदाराला आपण काय विकत घेतले हे १९२१ मध्ये कळले. बायर कंपनी विरुद्ध युनायटेड ड्रग कंपनी या खटल्यात न्या. लर्नेड हँड यांनी एकच प्रश्न निर्णायक ठरविला : ज्या शब्दासाठी पक्ष भांडत आहेत, त्याचा अर्थ विकत घेणारे काय समजतात? साक्षीपुराव्यावरून त्यांना दोन भिन्न समाज दिसले. डॉक्टर, औषधविक्रेते व रासायनिक कारखानदार यांच्या मनात ‘ॲस्पिरिन’ हे अजून बायरच्या औषधाचे नाव होते. सामान्य ग्राहकाच्या मनात मात्र ते औषधाचेच नाव होते. कारण बायरने कित्येक वर्षे भुकटी इतर कारखानदारांना विकली, आणि त्यांनी तिच्या गोळ्या करून स्वतःच्या नावाने ‘ॲस्पिरिन’ म्हणून विकल्या. ग्राहकास बायर हे नाव कधी दिसलेच नव्हते. म्हणून व्यावसायिकांशी होणाऱ्या व्यवहारात चिन्ह राखले गेले, आणि सर्वसामान्यांस होणाऱ्या विक्रीत तो शब्द सर्वांस मोकळा झाला.

एकाच शब्दाचे दोन समाजांत दोन अर्थ असतात, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक सत्य आहे. ते ओळखून त्याप्रमाणे हुकुमाची विभागणी करणारा हा निवाडा या विषयातील सर्वांत समर्थ निवाडा म्हणावा लागतो. ‘ॲस्पिरिन’चे नशीब निरनिराळ्या देशांत निरनिराळे झाले, यातूनही हीच गोष्ट सिद्ध होते. कॅनडात आणि जर्मनीत ते आजही बायरचे नोंदलेले चिन्ह आहे.

तथापि, या प्रकरणाची चर्चा नेहमी ‘ॲस्पिरिन’पाशीच थांबते, ही तिची उणीव आहे. त्या लिलावात विकले गेलेले दुसरे नाव अधिक विचार करण्याजोगे आहे. ‘ॲस्पिरिन’ सामान्य ग्राहकाच्या तोंडी जातिवाचक झाल्यामुळे त्याच्या जप्तीने त्याची फसवणूक झाली नाही. त्याच्या मनात कोणताही उगम नव्हता. ‘बायर’ हे मात्र शुद्ध व्यक्तिनाम, संस्थापक फ्रीडरिश बायर याच्या आडनावावरून आलेले. ते उगमाखेरीज दुसरे काही सांगतच नव्हते. १९१८ नंतर अमेरिकेतील गोळीवरील ‘बायर’ हे नाव लेव्हरकुझेनच्या कारखान्याकडे बोट दाखवीत होते, आणि गोळी मात्र दुसऱ्याच कंपनीची होती. मूळ कंपनीला स्वतःच्या नावाने अमेरिकेत वावरता येईना. १९९४ मध्ये स्टर्लिंगचा उत्तर अमेरिकेतील औषधधंदा १०० कोटी डॉलरना घेतल्यानंतर हे नाव तिच्याकडे पूर्णपणे परतले, आणि १९९५ मध्ये तिच्या अमेरिकन शाखेस ते लावता आले. ५३ लाख १० हजारांत संपूर्ण कारखान्यासह गेलेले नाव परत मिळविण्यास जो काळ आणि जो पैसा लागला, त्यावरून एवढे दिसते की, शब्दाची किंमत लिलावाच्या दिवशी नव्हे, लोकांच्या बोलण्यात ठरते.

५. मंगोल्स : मौनासाठी केलेली जप्ती

वरील दोन्ही उदाहरणांत सरकारने नाव घेतले ते दुसऱ्या कोणी वापरावे म्हणून. तिसऱ्या उदाहरणात ते कोणीच वापरू नये म्हणून मागितले गेले. यामुळे प्रश्नाचे स्वरूपच पालटते.

‘मंगोल्स’ ही दक्षिण कॅलिफोर्नियात १९६९ मध्ये स्थापन झालेली मोटारसायकलस्वारांची संघटना. तिच्या सदस्यांच्या जाकिटांच्या पाठीवर संघटनेचे नाव आणि मोटारसायकलवर बसलेल्या एका स्वाराचे चित्र असते. ही दोन्ही चिन्हे सदस्यत्वदर्शक सामूहिक चिन्हे म्हणून नोंदविली गेली होती. २००८ च्या ऑक्टोबरात संघटनेतील ७९ जणांवर संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली आरोप ठेवण्यात आले. खून, हल्ले, मादक द्रव्यांचा व्यापार असे गंभीर गुन्हे त्यांत होते. त्याच वेळी सरकारने चिन्हेही मागितली. ती मिळाल्यावर रस्त्यात दिसणाऱ्या सदस्याच्या अंगावरचे जाकीट पोलिसांस उतरवून घेता येईल, अशी सरकारी वकिलाची जाहीर अपेक्षा होती. न्या. फ्लॉरेन्स-मेरी कूपर यांनी आरंभी सरकारला अनुकूल असा मनाई हुकूम दिला. परंतु ज्याच्यावर आरोपच नव्हता अशा एका सदस्याच्या दाव्यात २००९ मध्ये त्यांनीच उलट भूमिका घेतली. चिन्ह संघटनेचे होते, आरोपी व्यक्तीचे नव्हते. आणि ते अंगावर धारण करणे हे अभिव्यक्तीचे कृत्य होते.

नंतर सरकारने संघटनेवरच आरोप ठेवला. डिसेंबर २०१८ मध्ये ज्यूरीने तिला दोषी ठरविले, आणि जानेवारी २०१९ मध्ये चिन्हांचा गुन्ह्यांशी संबंध असल्याचेही म्हटले. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये न्या. डेव्हिड ओ. कार्टर यांनी चिन्हे सरकारजमा करण्यास नकार दिला. अमेरिकेच्या संविधानातील पहिल्या दुरुस्तीने दिलेले अभिव्यक्तीचे व संघटनेचे स्वातंत्र्य आणि आठव्या दुरुस्तीतील अतिरेकी दंडाची मनाई, हे त्यांचे आधार होते. जानेवारी २०२३ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने निष्कर्ष कायम ठेवला, आधार मात्र बदलला. सरकारला चिन्हांची मालकी स्वतःकडे घ्यावयाची नव्हती. त्यांवरील अनन्य हक्क तेवढा नाहीसा करावयाचा होता. असे करण्यास या कायद्यात जागा नाही, असे न्यायालयाने म्हटले. संविधानाचा प्रश्न त्यामुळे अनिर्णीत राहिला.

या दोन निर्णयांची तुलना उद्‌बोधक आहे. अपील न्यायालयाचा निर्णय तर्कशुद्ध आहे. जप्ती आणि सरकारजमा यांतील जो भेद आरंभी सांगितला, त्याच भेदावर तो उभा आहे. परंतु त्याची दिशा संकुचित आहे. उद्या सरकारने मालकी घेण्याची तयारी दाखविली तर काय, याचे उत्तर त्यात नाही. न्या. कार्टर यांनी मोठा प्रश्न हाती घेतला. पण त्यांनीही सरकारच्या मूळ गृहीताची पुरेशी परीक्षा केली नाही. ‘मंगोल’ हे मुळात आशियातील एका जनसमूहाचे नाव. या संघटनेच्या तोंडी ते ‘आम्ही’ या अर्थाचे झाले. सदस्यत्वदर्शक चिन्हाचा अर्थ ‘हा मनुष्य आमच्यापैकी आहे’ एवढाच. हे चिन्ह सरकारच्या मालकीचे झाले, तर त्या वाक्यातील ‘आमच्यापैकी’ या पदास अर्थच उरत नाही. कारण सरकार त्या संघटनेचे सदस्य नाही आणि सदस्य करूनही घेणार नाही. म्हणजे सरकार ज्या क्षणी चिन्ह हाती घेईल त्याच क्षणी ते चिन्ह नाहीसे होईल, आणि हाती उरेल तो नोंदवहीतील एक क्रमांक. तो क्रमांक कोणाच्या अंगावरचे जाकीट उतरवू शकत नाही.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे हलके लेखता कामा नये. गुन्ह्याच्या पैशातून उभारलेले घर सरकारजमा होते, तर गुन्ह्याच्या बळावर दरारा कमावलेले नाव का होऊ नये? बळी पडलेल्यांच्या दृष्टीने पाठीवरचे ते चित्र म्हणजे निव्वळ चित्र नव्हे. ती धमकी आहे. हा युक्तिवाद भावनेचा नाही, अर्थाचाच आहे, आणि म्हणूनच तो वजनदार आहे. परंतु तो नेमका उलट दिशेने सिद्ध होतो. चित्रातील धमकी लोकांच्या स्मरणातून येते, नोंदणीतून नव्हे. नोंदणी काढून घेतल्याने धमकी उरेल, फक्त तिची बनावट करण्यास कोणासही मोकळीक मिळेल. धमकी देणाऱ्यास शिक्षा करण्यास गुन्हेगारी कायदा समर्थ आहे. आणि या खटल्यात संघटनेची दोषसिद्धी कायम राहिलीच.

६. उपसंहार

तिन्ही प्रकरणांतून एक कसोटी निघते. चिन्ह सरकारच्या हाती गेल्यानंतरही ते ऐकणाऱ्यास सत्य सांगत राहील काय? ‘शार्त्रूझ’च्या बाबतीत उत्तर नकारार्थी होते, कारण उगम देशाबाहेर गेला होता. ‘ॲस्पिरिन’च्या बाबतीत ते सामान्य ग्राहकापुरते होकारार्थी होते, कारण शब्द आधीच सर्वांचा झाला होता; ‘बायर’च्या बाबतीत ते नकारार्थी होते, आणि कोणी विचारलेच नाही. ‘मंगोल्स’च्या बाबतीत प्रश्नच उद्‌भवत नाही, कारण सरकारला त्या चिन्हाकडून काही सांगवून घ्यावयाचे नव्हते. या कसोटीने सरकारचे हात सर्वस्वी बांधले जात नाहीत. चालता धंदा, त्याचे कारागीर, त्याची कृती आणि त्याचे नाव हे सर्व एकत्र हस्तांतरित होत असेल, आणि नवा मालक कोण हे ग्राहकास सांगितले जात असेल, तर अशा जप्तीस भाषेच्या बाजूने हरकत घेता येणार नाही. धंद्यापासून तोडलेले नाव घेणे, किंवा नाव मुके करण्यासाठी घेणे, यांस मात्र हरकत आहे.

व्यापारचिन्हाचा कायदा ग्राहकाची दिशाभूल होऊ नये म्हणून निर्माण झाला. सरकारने केलेल्या जप्तीमुळे तीच दिशाभूल कायदेशीर होत असेल, तर कायदा स्वतःच्याच हेतूविरुद्ध वापरला जातो. आणि जेव्हा चिन्ह एखाद्या समूहाच्या ‘आम्ही’चे असते, तेव्हा प्रश्न बाजाराच्या पलीकडे जातो. लोकांनी स्वतःस कोणत्या नावाने ओळखावे हे ठरविण्याचा अधिकार एकदा मालमत्तेच्या कायद्यातून सरकारकडे गेला, तर तो गुन्हेगारांच्या संघटनेपाशीच थांबेल याची हमी त्या कायद्यात नाही. २०२३ च्या निवाड्याने जो प्रश्न उघडा ठेवला तो हाच. त्याचे उत्तर पुढे ज्या न्यायालयास द्यावे लागेल, त्यास नोंदवही पाहण्यापूर्वी तो शब्द उच्चारणाऱ्या माणसांकडे पाहावे लागेल.